क्लच उघडलाच आहे, तर ऑइल सीलही पाहून घ्या



गाळप हंगाम आटोपला, शेवटची खेप काट्यावरून उतरली, की ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या छपरात जाऊन उभा राहतो. चार-पाच महिने दोन-दोन ट्रेलर ओढून त्याची हाडे खिळखिळी झालेली असतात. मालकाला ते ठाऊक असते, ड्रायव्हरला तर त्याहून जास्त ठाऊक असते. पण मशागतीची घाई, लग्नसराई आणि हाती उरलेला पैसा यांत दुरुस्ती मागे पडते. मग दसरा येतो, गव्हाणीत मोळी पडते, टोळ्या फडात उतरतात आणि ऐन चढाला भरल्या ट्रेलरसकट क्लच सटकायला लागतो. इंजिन नुसते ओरडते, गाडी जागची हालत नाही. ऊस तुटून पडलेला असतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा हे आपण सर्व जण जाणतोच. त्यानंतर वजनही घटते आणि साखरही उतरते. एका वाहनाचा खोळंबा हा एकट्या मालकाचा राहत नाही, तो फडाचा, टोळीचा आणि ज्याचा ऊस तुटला त्या सभासदाचाही होतो.

म्हणून या अंकात क्लचच्या कामाविषयी लिहीत आहोत. पण क्लच प्लेट बदलणे आता गावोगावच्या मिस्त्रींना पाठ झाले आहे, त्यात आम्ही नवे काय सांगणार? आम्हाला बोलायचे आहे ते क्लचच्या पुढे-मागे बसलेल्या काळ्या रबरी कड्यांविषयी, म्हणजे ऑइल सीलविषयी. हे कडे काही शे रुपयांचे असते. ते बदलण्यासाठी मात्र सगळा ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. क्लच बदलताना तो फोडलेलाच असतो. अशा वेळी जुना सील तसाच ठेवून ट्रॅक्टर पुन्हा जोडणे म्हणजे विहिरीत उतरून तहानलेले वर येण्यासारखे आहे.

नेहमीचा संवाद असा होतो. मिस्त्री म्हणतो, "मालक, मागला सील बी टाकून घ्या." मालक म्हणतात, "गळतोय का?" मिस्त्री म्हणतो, "आत्ता न्हाई गळत." मालक म्हणतात, "मग ऱ्हाऊ द्या की. गळल्यावर बघू." बोलणे तोंडावर पटण्यासारखे आहे. पण गळल्यावर बघायचे म्हणजे काय? पुन्हा तेवढीच मजुरी, पुन्हा दोन-तीन दिवस, आणि त्यावर तेलाने भिजलेली नवीकोरी क्लच प्लेट टाकून द्यायची. मिस्त्रीचे ऐकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो इथे स्वतःची मजुरी वाढवत नाही, पुढची वाचवतो आहे.

सील कुठे असतात आणि काय करतात

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या पोकळ भागाला बेल हाउसिंग म्हणतात. क्लच तिथे असतो आणि बहुसंख्य ट्रॅक्टरांत तो कोरडा क्लच असतो. त्याच्या एका बाजूला इंजिनाचे तेल, दुसऱ्या बाजूला गिअरचे तेल आणि मध्ये हा कोरडा कोठा, अशी ही रचना आहे. इंजिनाच्या बाजूने क्रँकशाफ्टचे मागचे टोक या कोठ्यात येते, त्यावर फ्लायव्हील बसते. गिअरबॉक्सच्या बाजूने इनपुट शाफ्ट येतो, त्यावर क्लच प्लेट सरकते. फिरत्या शाफ्टभोवती फट ठेवावीच लागते. त्या फटीतून तेल कोठ्यात येऊ न देणे हे सीलचे काम. म्हणजे राखणदार दोन : पुढे क्रँकचा मागचा सील आणि मागे इनपुट शाफ्टचा सील. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात पीटीओसाठी पोकळ शाफ्ट असतो आणि त्याच्या पोटातून दुसरा शाफ्ट जातो. अशा गाडीत त्या दोन शाफ्टांच्या मध्येही एक छोटा सील असतो. हा आतला सील पुष्कळदा कोणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

सील हातात घेऊन पाहा. बाहेरून पत्र्याचे किंवा रबर चढवलेले कडे, आत रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या पाठीमागे बारीक स्प्रिंगची गोल माळ. ती माळ ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरते. ओठ शाफ्टला घट्ट आवळून बसतो असा पुष्कळांचा समज आहे. तसे असते तर तो दिवसभरात जळून गेला असता. ओठ आणि शाफ्ट यांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारा तेलाचा पापुद्रा असतो आणि ओठ त्या पापुद्र्यावर तरंगतो. पापुद्रा तुटला तर ओठ करपतो, जाड झाला तर गळती सुरू होते.

कामाचा बोजा किती, याचा एक हिशेब मांडून पाहू. शाफ्टचा व्यास १०० मिलिमीटर धरला आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरले, तर ओठाखालून सेकंदाला साधारण साडेदहा मीटर लोखंड घासत जाते. आठ तासांच्या दिवसात हे अंतर तीनशे किलोमीटर भरते. पुण्याहून निघून कोल्हापूर मागे टाकावे एवढा प्रवास हा ओठ जागच्या जागी रोज करतो, तोही तापल्या तेलात. म्हणून "अजून चांगला दिसतोय" या शब्दावर भरवसा ठेवू नये. जुना सील काढून ओठ बोटाने वाकवून पाहिला तर तो बहुधा कडक झालेला, चकाकणारा आणि धारेऐवजी सपाट पट्टी पडलेला आढळतो.

पूर्वी हे सील चामड्याचे होते. हापशाच्या पंपातला चामड्याचा वायसर ज्यांनी बदलला आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. १९३० च्या सुमारास जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग या कातडे कमावणाऱ्या कारखान्याने मंदीच्या दिवसांत नवा धंदा शोधताना असे चामडी सील तयार केले. सिमर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्यावरून त्यांना सिमररिंग हे नाव पडले. १९३६ पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आले. आज साध्या जागी काळा नायट्राइल रबर चालतो, तो साधारण शंभर अंश उष्णतेपर्यंत टिकतो. जास्त तापणाऱ्या जागी व्हायटन जातीचा रबर वापरतात, तो दोनशे अंशांपर्यंत जातो आणि किंमतही तशीच घेतो. इंजिनाच्या मागच्या जागेला कंपनीने व्हायटन सांगितला असेल तर मापाने जुळणारा स्वस्त नायट्राइल सील घेऊ नये. मापे तीच असली तरी माल तो नव्हे.

गळते ते नेमके कोठून?

बेल हाउसिंगच्या तळाशी एक लहान भोक असते. पुष्कळ गाड्यांत त्यात एक पिन लोंबत ठेवलेली असते, म्हणजे ती हालून भोक चिखलाने बुजू देत नाही. कोठ्यात तेल आले तर ते इथून ठिबकते आणि मालकाला सावध करते. काही जण भात-चिखलणीच्या वेळी चिखल आत जाऊ नये म्हणून या भोकाला बूच मारतात. ते योग्यच आहे, परंतु काम संपल्यावर बूच काढायचे राहून जाते. मग तेल आतल्या आत साठते, फ्लायव्हील ते चक्रावून प्लेटवर उडवते आणि खाली थेंबसुद्धा न पडता क्लच बसतो. आज घरी गेल्यावर गाडीखाली वाकून हे भोक उघडे आहे की नाही एवढे तरी पाहावे.

भोकातून तेल येत असेल तर ते पांढऱ्या कागदावर घ्यावे. काळे, पातळ, जळकट वास असलेले तेल इंजिनाचे. तपकिरी किंवा सोनेरी, चिकट आणि कुजक्या गंधकासारखा वास मारणारे तेल गिअरचे. मात्र ज्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल असते, त्यांत गंधकाचा वास येईलच असे नाही. तेथे रंगावरून ठरवावे आणि दोन्हींकडचा गज काढून कोणती पातळी उतरते आहे ते पाहावे.

इंजिनाचे तेल आहे म्हणून लगेच मागचा सील दोषी ठरवू नये. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले की तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत खाली येते आणि बेल हाउसिंगच्या सांध्यातून आत शिरते. इंजिनाच्या पाठीला फ्लायव्हीलच्या आड कॅमशाफ्टच्या भोकावरची टोपी असते, तेलाच्या नळीचे बूच असते, खाली तेलाच्या चेंबरचे पॅकिंग असते. यांतले काहीही गळू शकते. म्हणून ट्रॅक्टर फोडण्यापूर्वी बाहेरची बाजू डिझेलने धुऊन कोरडी पुसावी, वरून लहान मुलांची पावडर शिंपडावी आणि इंजिन अर्धा तास चालवावे. तेलाची वाट पावडरीवर उमटते. पाच रुपयांच्या पावडरीने मिळणारा हा पुरावा पुष्कळ वाद मिटवतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. इंजिनाला श्वास घ्यायला एक ब्रीदर असतो. त्याची जाळी किंवा नळी काजळीने, मातीने बुजली, तर पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारा वायू चेंबरमध्ये कोंडतो आणि वाट सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. तेव्हा नवा सीलसुद्धा पंधरा दिवसांत गळतो आणि मिस्त्रीला शिव्या बसतात. ब्रीदर साफ असूनही तेल भरायच्या तोंडातून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा संपल्या आहेत असे समजावे. त्या इंजिनाचे दुखणे सीलने बरे होणार नाही. हाच नियम गिअरबॉक्सलाही लागू आहे. त्याच्याही ब्रीदरमध्ये ऊसवाहतुकीचा धुरळा बसतो. गजाच्या खुणेपेक्षा जास्त तेल ओतण्याची सवय असेल तर तीही सोडावी.

ट्रॅक्टर फोडताना

हे काम अंगणात, शेणमातीवर, एका जॅकवर करू नये. कॉंक्रीटची सपाट जागा, दोन भक्कम घोड्या आणि मागच्या चाकांना दगड-ठोकळे हवेतच. ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधल्या एका पिनेवर डोलतो, म्हणूनच तर तो बांधावरून सहज जातो. पण गाडी मधून सुटली की इंजिनाचा सगळा भाग त्याच डोलत्या पिनेवर राहतो आणि एका बाजूला कलंडतो. म्हणून सोडण्यापूर्वी अॅक्सल आणि त्यावरचा आधार यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून घ्याव्यात. या एका पाचरीअभावी माणसाचा हात-पाय जायबंदी होऊ शकतो. बॅटरीची वजा बाजूची तार आधी काढावी. वायरी, डिझेलच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे सोडताना खुणेच्या चिंध्या बांधाव्यात.

कोठा उघडल्यावर आत काळी भुकटी दिसेल. ती कंप्रेसरच्या हवेने फुंकू नये. जुन्या प्लेटांच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची राहते. ओल्या फडक्याने पुसून फडके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकावे. पोरेबाळे भोवती जमतात, त्यांना लांब ठेवावे.

प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यावर एकमेकांसमोर खूण करून मगच बोल्ट सोडावेत, तेही एकेक पूर्ण नव्हे तर समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत. फ्लायव्हील जड असते. सगळे बोल्ट काढले की ते अचानक निसटते, म्हणून दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड लावून त्यांवरून ते सरकवत बाहेर घ्यावे. आता मागचा सील समोर येतो.

सील काढण्याआधी क्रँकचे टोक हाताने वर-खाली हालवून पाहावे. खेळ जाणवत असेल तर मेन बेअरिंग झिजलेले आहे. डोलत्या शाफ्टवर जगातला कोणताही सील टिकत नाही. क्रँकचा पुढे-मागे खेळही डायल लावून मोजावा आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहावा. ही पाहणी ट्रॅक्टर फोडण्यापूर्वी घरीही करता येते : एकाने इंजिन बंद ठेवून क्लच दाबावा, दुसऱ्याने पुढची पुली पाहावी. क्लच दाबताना पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर क्रँकच्या अर्धचंद्राकार थ्रस्ट वायसरी संपत आल्या आहेत. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या ट्रॅक्टरात हे हमखास आढळते, कारण दाबलेल्या क्लचचा सगळा जोर क्रँकला पुढे ढकलत असतो. पायाखाली केवळ रिलीज बेअरिंग झिजते असे समजू नये.

जुना सील काढणे ही नाजूक गोष्ट आहे. स्क्रू-ड्रायव्हर घालून शाफ्टच्या आधाराने उचकटायचा नाही. शाफ्टवर केसाएवढा ओरखडा पडला तरी नव्या ओठाखालून तेल वाट काढते. सीलच्या पत्र्याला दोन बारीक भोके पाडावीत, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावावे म्हणजे कीस त्याला चिकटतो. भोकांत पत्र्याचे स्क्रू फिरवून पक्कडीने सरळ बाहेर ओढावे. वेळ लागतो, पण शाफ्ट वाचतो. काही इंजिनांत सील बसलेली झाकणी बोल्टांनी सुटी होते, ती काढून टेबलावर काम केलेले बरे.

शाफ्टवरची चरी

आता शाफ्ट स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवावे. जिथे ओठ वर्षानुवर्षे घासला तिथे एक चकाकणारी रेघ दिसेल. नख अडकत नसेल तर चिंता नाही. अडकले तर ती चरी आहे. रबराने लोखंडाला चरी पडतेच कशी, असे पुष्कळ जण विचारतात. मऊ रबराच्या ओठात धूळ रुतून बसते आणि ओठ कानशीचे काम करू लागतो. आपल्या रस्त्यांवरच्या धुरळ्यात हे लवकर होते.

चरीवर नवा सील बसवून काही उपयोग नाही. उपाय दोन आहेत. पहिला बिनखर्चाचा : झाकणीत जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचा, म्हणजे ओठ कोऱ्या पट्टीवर येतो. तेल परतण्याचे भोक झाकले जात नाही एवढे पाहावे. दुसरा उपाय म्हणजे शाफ्टवर पोलादाची पातळ बाही चढवणे. ती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे सील त्याच मापाचा चालतो. या बाह्या मापाप्रमाणे तयार मिळतात. पॉलिश पेपर घेऊन शाफ्ट आडवातिडवा घासणे हा मात्र उपाय नव्हे, त्याने मळसूत्रासारख्या रेघा पडतात आणि त्याच तेल बाहेर वाहून नेतात.

नवा सील

दुकानात जाताना जुना सील खिशात न्यावा. त्यावर तीन आकडे असतात, जसे ४५-६२-८. पहिला शाफ्टचा व्यास, दुसरा बाहेरचा व्यास, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. दुकानात सीलांची माळ करून खिळ्याला टांगलेली असेल तर त्यातला घेऊ नये. ओठ तारेवर लोंबून वाकडा होतो आणि उन्हाने रबर ताठरतो. बंद पाकिटातला, सपाट ठेवलेला सील मागावा. काही सीलांच्या ओठावर तिरप्या बारीक रेषा आणि बाहेर बाण असतो, तो शाफ्ट फिरण्याच्या दिशेशी जुळला पाहिजे.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. उलटा बसला तर पहिल्याच दिवशी तेल बाहेर. रबरी ओठाला इंजिनाचे तेल किंवा थोडे ग्रीस बोटाने लावावे, कारण पहिले काही क्षण तेल पोहोचण्यापूर्वी ओठ कोरडा घासला तर तो तेवढ्यात करपतो. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. अलीकडच्या काही इंजिनांत ओठ रबराचा नसून पीटीएफई या पांढुरक्या किंवा तपकिरी गुळगुळीत पदार्थाचा असतो, त्याला स्प्रिंग नसते. असा सील अगदी कोरडा बसवायचा असतो. तेल लावले तर ओठाचा थर शाफ्टवर नीट बसत नाही. त्याच्याबरोबर मिळणारी प्लास्टिकची बाही शेवटपर्यंत आतच ठेवावी. सवयीने तेल लावणाऱ्या हाताला इथे आवरावे लागते.

शाफ्टच्या धारेवर ओठ फाटू नये म्हणून थंड पेयाच्या बाटलीचे प्लास्टिक कापून त्याची गुळगुळीत बाही करावी आणि तिच्यावरून सील सरकवावा. आम्हाला ही देशी युक्ती फार आवडते. ठोकताना हातोडीचा घाव थेट सीलवर नको. त्याच व्यासाचा पाइपचा तुकडा, सपाट लाकूड किंवा जुनाच सील वर ठेवून समोरासमोर हलके ठोके द्यावेत. शेवटी चार ठिकाणी व्हर्निअरने खोली मोजावी. चारी मापे सारखी आली तरच सील सरळ बसला.

झाकणी सुटी असेल तर आधी ती शाफ्टवर मध्यावर आणून मग बोल्ट आवळावेत, नाहीतर ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडा राहतो. झाकणी, ब्लॉक आणि तेलाचे चेंबर जिथे तिन्ही भेटतात त्या कोपऱ्यांत सिलिकॉनचा लहानसा ठिपका पुरे. ढीगभर लावलेले सिलिकॉन आतल्या बाजूला पिळले जाते, त्याचे तुकडे सुटून तेलपंपाच्या जाळीवर बसतात, आणि सील वाचवताना इंजिन जाते.

दोरीचा सील

जुन्या पर्किन्स पद्धतीच्या तीन सिलिंडर इंजिनांत रबरी कडे नसून ग्रॅफाइट लावलेल्या दोरीच्या दोन पट्ट्या असतात. अशी इंजिने आपल्या भागात आजही पुष्कळ फडात आहेत. पट्टी अर्ध्या झाकणीच्या खाचेत आधी दोन्ही टोकांकडून दाबावी, मग मधला फुगा गोल दांड्याने लाटून बसवावा. टोके झाकणीच्या तोंडाबाहेर पाव ते अर्धा मिलिमीटर राहू द्यावीत. ब्लेडने सपाट कापली तर दोन अर्ध्या पट्ट्या एकमेकींना भेटत नाहीत आणि नेमके सांध्यातून गळते. ग्रॅफाइट ग्रीस लावून झाकणी बसवल्यावर क्रँक हाताने दोन-चार वेळा फिरवावा. या जातीत शाफ्टवर मुळातच बारीक मळसूत्री चर असतो, तो तेल आत परतवण्यासाठी दिलेला आहे. त्याला झीज समजून घासून टाकू नये. जुन्या दोरीतही अॅस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा ओली करूनच काढावी.

मागची बाजू आणि बाकीचे

इनपुट शाफ्टचा सील रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकते त्या झाकणीत असतो. तो सोपा आहे, धोका एकच : शाफ्टवरचे दाते नव्या ओठाला करवतीसारखे कापतात. दात्यांवर गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळून, तिला तेल लावून सील पलीकडे न्यावा आणि पट्टी आठवणीने काढावी. दुहेरी क्लचवाल्यांनी आतला छोटा सील विसरू नये.

फ्लायव्हीलच्या मध्यातले पायलट बेअरिंग बदलावेच. ग्रीस भरायचे झाल्यास बेताने, जास्तीचे ग्रीस उडून प्लेटवरच जाते. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये बुडवून धुऊ नये, त्याच्या पोटात भरलेले ग्रीस धुऊन निघते आणि ते महिन्याभरात किंचाळू लागते. तेलाने भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, शेकोटीवर भाजून पुन्हा घालण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. तेल लायनिंगच्या आत मुरलेले असते. गरम झाले की ते पुन्हा वर येते, आणि ते भरल्या ट्रेलरच्या चढावरच येते. फ्लायव्हीलचा चेहरा निळा पडला असेल किंवा चिरा दिसत असतील तर लेथवर दाखवावा.

फ्लायव्हीलचे बोल्ट कंपनीने नवे सांगितले असतील तर नवेच घ्यावेत. काही इंजिनांत ही भोके आरपार आत जातात, तिथे आट्यांना सीलंट न लावल्यास बोल्टाच्या आट्यांवाटे तेल येते आणि दोष सीलवर जातो. टॉर्क पाना लावून समोरासमोर आवळावे. प्लेट बसवताना तिची बाजू पाहावी, जुनी निघताना खूण केलेली असेल तर शंका राहत नाही. जुना इनपुट शाफ्ट किंवा लाकडाचा कातलेला दांडा मध्ये घालून प्लेट केंद्रावर आणावी आणि मग प्रेशर प्लेट आवळावी. लिव्हर असतील तर तिन्हींची उंची सारखी करावी.

दोन्ही अर्धे जवळ आणताना शेवटचे दोन बोटे अंतर बहुधा अडते. त्या वेळी लांब बोल्ट घालून ओढायचा मोह होतो. ओढू नये. दाते दात्यांत गेलेले नसतात आणि ओढल्यास प्लेटचा हब वाकतो किंवा फुटतो. एकाने फ्लायव्हील किंवा पीटीओ हळूहळू फिरवावा, दुसऱ्याने हाताने ढकलावे. दाते जुळले की दोन्ही तोंडे स्वतः मिटतात. मगच बोल्ट लावावेत.

पेडलचा मोकळा खेळ पुस्तकात दिला असेल तेवढा ठेवावा, बहुतेक ट्रॅक्टरांत तो इंचाच्या आसपास असतो. तेलाची पातळी पाहून इंजिन सुरू करावे, अर्धा तास चालवून खालचे भोक पाहावे. पहिल्या दहा तासांनंतर खेळ पुन्हा तपासावा, कारण नवी प्लेट थोडी बसते. आवरमीटरचा आकडा आणि घातलेल्या सीलांची मापे एका कागदावर लिहून तो कागद टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी मिस्त्री दुसरा असला, तरी कोणत्या मापाचा सील आणायचा यासाठी त्याला गाडी उघडेपर्यंत थांबावे लागणार नाही.